उदाहरण मुलाचे, मदत आईबाबांची

प्रवेश परीक्षेच्या तयारीत गणिताचे पान उघडले की अनेक घरांत वाद सुरू होतात. उत्तर सांगणे सोपे असते. उत्तर सापडेपर्यंत मुलाच्या शेजारी शांतपणे बसणे अवघड. पण परीक्षेत उपयोगी पडते ते हे बसणेच.

थंडी सुरू झाली की लखनौच्या अनेक घरांत संध्याकाळचा चहा संपताच जेवणाच्या टेबलावर वह्या-पुस्तके पसरतात. घरातला पाचवीचा मुलगा किंवा मुलगी पुढच्या वर्षी सहावीत जाणार असते. कुणाला नवोदय विद्यालयाचे, कुणाला सैनिकी शाळेचे, तर कुणाला शहरातल्या एखाद्या नामवंत शाळेचे वेध लागलेले असतात. अमीनाबादच्या दुकानातून जुन्या प्रश्नपत्रिकांचा जाडजूड संच घरी आलेला असतो. भाषेचा आणि सामान्य ज्ञानाचा अभ्यास सुरळीत चालतो. गणित आले की मात्र टेबलावरचे वातावरण बदलते.

मूल उदाहरण वाचते आणि गप्प बसते. आई विचारते, ''अरे, एवढंही येत नाही? मागच्या आठवड्यात तर सोडवलं होतंस!'' मग ती स्वतः पेन्सिल घेते, 'क्ष मानू' म्हणते आणि चार ओळींत उत्तर काढून दाखवते. मूल ते वहीत उतरवून घेते. दोघांनाही वाटते, काम झाले. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण आकडे बदलून समोर आले की मूल पुन्हा गप्प!

यात मुलाचा आळस नसतो आणि आईची हयगयही नसते. दोघे वेगवेगळ्या वाटांनी चाललेले असतात, एवढेच. आईबाबा दहावी-बारावीला शिकलेल्या बीजगणिताने विचार करतात. दहा वर्षांच्या मुलाकडे ते हत्यारच नसते. त्याच्याकडे असते ती बेरीज-वजाबाकी, पाढे, थोडे अपूर्णांक आणि डोळ्यांसमोर चित्र उभे करण्याची ताकद. प्रवेश परीक्षाही त्याच्याकडून एवढीच अपेक्षा करते.

परीक्षा नेमकी कशी असते?

मदत करण्यापूर्वी परीक्षेचे स्वरूप आईबाबांनी नीट समजून घ्यावे. जवाहर नवोदय विद्यालयांची सुरुवात १९८५-८६ साली हरियाणातील झज्जर आणि आपल्या महाराष्ट्रातील अमरावती येथे झाली. आज ही निवासी विद्यालये देशाच्या बहुतेक जिल्ह्यांत आहेत. लखनौ जिल्ह्याचे विद्यालय पिपरसंड येथे आहे. सहावीच्या प्रवेश परीक्षेत २ तासांत ८० प्रश्न आणि १०० गुण असतात. त्यात ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, २० अंकगणिताचे आणि २० भाषेचे. अंकगणिताला २५ गुण असून त्यासाठी साधारण अर्धा तास धरलेला आहे. म्हणजे एका उदाहरणाला दीड मिनिट! किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात आणि ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते. मलिहाबाद किंवा मोहनलालगंजकडच्या शेतकरी कुटुंबासाठी या एका संधीचे मोल फार मोठे आहे. ती साधली तर चांगले शिक्षण, राहणे, जेवण यांची चिंता बरीच मिटते.

सैनिकी शाळांचे गणित आणखी वजनदार आहे. देशातील पहिली सैनिकी शाळा लखनौतच १९६० साली उत्तर प्रदेश सरकारने सुरू केली. कारगिलच्या युद्धात १९९९ साली वीरमरण आलेले आणि मरणोत्तर परमवीर चक्राने गौरवलेले कॅप्टन मनोजकुमार पांडे याच शाळेचे विद्यार्थी. आज शाळेला त्यांचेच नाव आहे आणि २०१८ पासून येथे मुलींनाही प्रवेश मिळतो. पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, साताऱ्याची सैनिकी शाळा सुरू झाली. साताऱ्यासारख्या शाळांसाठी सहावीची जी अखिल भारतीय परीक्षा होते, तिच्या ३०० गुणांपैकी निम्मे, म्हणजे १५० गुण एकट्या गणिताचे असतात. प्रत्येकी ३ गुणांचे ५० प्रश्न.

दोन्ही परीक्षांत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. रीत लिहून दाखवायची नसते. त्यामुळे बऱ्याच पालकांना वाटते की पाठांतर आणि 'युक्त्या' पुरेशा आहेत. पण युक्ती चालते ती ओळखीच्या उदाहरणात. उदाहरणाची मांडणी जरा बदलली की युक्ती कुठे लावायची हेच मुलाला कळत नाही.

जेव्हा मदतच नडते

शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली-दुसरीतल्या ४३८ मुलांची वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची गणिताची प्रगती त्यांनी तपासली आणि पालकांना गणिताची किती धास्ती वाटते हेही विचारले. ज्या पालकांना स्वतःला गणिताची भीती होती आणि जे मुलांना वारंवार गृहपाठात मदत करत होते, त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांच्यातही भीती वाढली. भीती असलेल्या पण क्वचितच मदत करणाऱ्या पालकांच्या मुलांत हे दिसले नाही.

याचा अर्थ आईबाबांनी हात झटकून मोकळे व्हावे असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की आकड्यांबरोबर आपल्या कपाळावरची आठीही मूल शिकत असते. ''मलाही गणित कधी आलं नाही, तू माझ्यावरच गेलीस,'' हे वाक्य प्रेमाने म्हटले तरी त्यातून मुलीला माघार घ्यायची परवानगी मिळते. ''बाबांना विचार, गणित त्यांचं,'' हे तर आणखी वाईट. गणित हे पुरुषांचे काम आहे, हा धडा मुलगी त्याच क्षणी गिरवते.

फ्रान्समधल्या ग्रेनोबल येथे १९७९-८० च्या सुमारास एक गमतीदार प्रयोग झाला. दुसरी-तिसरीतल्या ९७ मुलांना एक प्रश्न दिला: एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? प्रश्नाला उत्तरच नाही. तरी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची काही ना काही आकडेमोड करून वय सांगितले! ही मुले मठ्ठ नव्हती. 'गणित म्हणजे दिसलेल्या आकड्यांचे काहीतरी करायचे' एवढेच ती शिकली होती.

हा प्रश्न घरी विचारून पाहावा. मुलाने ३६ असे उत्तर दिले तर रागावू नये. आपल्याला कामाला कुठून सुरुवात करायची आहे, ते कळले असे समजावे.

आधी गोष्ट, मग आकडे

जन्माने हंगेरियन असलेले गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली गणित कसे सोडवावे यावर एक छोटे पुस्तक लिहिले. ते जगभर वाचले गेले. त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या: उदाहरण समजून घ्या, बेत आखा, बेत पार पाडा आणि शेवटी मागे वळून पाहा. आपल्या घरांत बहुधा तिसऱ्या पायरीवरूनच सुरुवात होते.

पहिल्या पायरीसाठी एक साधा नियम पाळावा. उदाहरण वाचून झाले की पुस्तक झाकायचे आणि मुलाला ती गोष्ट आपल्या शब्दांत सांगायला लावायची. आकडे विसरले तरी चालतील. काय घडले, काय माहीत आहे आणि काय विचारले आहे, एवढे सांगता आले पाहिजे. जिथे गोष्ट अडखळते, तिथेच अडचण असते.

एक उदाहरण घेऊ. मलिहाबादच्या एका विक्रेत्याने टोपलीतल्या दशहरी आंब्यांपैकी एकतृतीयांश आंबे सकाळी विकले. उरलेल्यांपैकी निम्मे दुपारी विकले. संध्याकाळी ४० आंबे उरले, तर सुरुवातीला टोपलीत किती आंबे होते?

आईबाबा लगेच 'क्ष वजा क्ष छेद तीन' असे सुरू करतात. त्याऐवजी कागदावर एक लांब पट्टी काढावी आणि मुलाला विचारावे.

''ही सगळी टोपली. सकाळी किती गेले?''

''तीनातला एक भाग.''

''मग पट्टीचे किती भाग करशील?''

''तीन. एक गेला, दोन उरले.''

''दुपारी?''

''उरलेल्यातले निम्मे... म्हणजे दोनातला एक. आता एकच उरला. अगं आई, तोच ४०!''

उत्तर १२० आहे हे आता सांगावे लागत नाही. मुलाने ते स्वतः पाहिलेले असते. सिंगापूरच्या शाळांत १९८० च्या दशकापासून अशा पट्ट्यांच्या चित्रांनी शाब्दिक उदाहरणे शिकवली जातात. त्यासाठी लागते फक्त एक कोरा कागद.

याच उदाहरणात हमखास होणारी चूकही पट्टीमुळे दिसते. बरीच मुले 'उरलेल्यांपैकी निम्मे' याऐवजी 'एकूण आंब्यांपैकी निम्मे' धरतात. शब्दांत हा फरक निसटतो, चित्रात निसटत नाही.

भास्कराचार्यांची वाट

'क्ष' न वापरता उत्तर काढण्याची आणखी एक रीत आपल्या घरचीच आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त ती 'इष्टकर्म' नावाने येते. सोयीची एखादी संख्या मानायची, तिच्यावर उदाहरणातल्या सगळ्या क्रिया करायच्या आणि आलेल्या उत्तराची दिलेल्या उत्तराशी तुलना करायची. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. त्यांच्या आणि इतर भारतीय गणितज्ञांच्या रीतींचा पद्धतशीर इतिहास इंग्रजीत लिहिणाऱ्या दोघांपैकी एक, डॉ. अवधेश नारायण सिंह, लखनौ विद्यापीठात गणित शिकवत. बिभूतिभूषण दत्त यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९३५ आणि १९३८ साली दोन भागांत निघाला.

आंब्यांचेच उदाहरण इष्टकर्माने करून पाहा. समजा टोपलीत ३० आंबे होते. सकाळी १० गेले, २० उरले. दुपारी १० गेले, १० उरले. आपल्याला हवेत ४०, म्हणजे चौपट. मग सुरुवातीचे आंबेही चौपट, १२०.

काळ-काम-वेगाची उदाहरणे तर या रीतीने फार सोपी होतात. एक कारागीर एक काम ६ दिवसांत करतो, दुसरा तेच काम १२ दिवसांत करतो. दोघे मिळून किती दिवसांत करतील? अपूर्णांकांची बेरीज करण्याऐवजी मुलाने काम म्हणजे चिकनचे १२ कुर्ते असे मानावे. पहिला रोज २ कुर्ते करतो, दुसरा १. दोघे मिळून रोज ३, म्हणून १२ कुर्ते ४ दिवसांत. १२ हीच संख्या का मानली? कारण तिला ६ ने आणि १२ ने पूर्ण भाग जातो. हे मुलालाच शोधू द्यावे.

वेगाचेही तसेच. लखनौच्या चारबाग स्थानकावरून निघालेल्या गाडीला ७२ किलोमीटर जायचे आहे आणि वेग ताशी ४८ किलोमीटर आहे. सूत्र आठवत नसेल तरी अडत नाही. तासात ४८, तर पाव तासात १२. ७२ मध्ये १२ सहा वेळा. सहा वेळा पाव तास म्हणजे दीड तास.

घरी छेद, शाळेत हर

लखनौला मराठी माणूस नवा नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली येथे संगीत महाविद्यालय सुरू झाले, ते आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. रेल्वे, लष्कर, बँका यांतल्या बदल्यांमुळे आजही मराठी कुटुंबे येथे येत असतात. या घरांतल्या मुलांना गणितात एक अडचण जास्त असते आणि ती बहुधा कुणाच्या लक्षातच येत नाही. ती अडचण भाषेची.

आई सांगते 'छेद', शाळेतले गुरुजी सांगतात 'हर'. आईचा अपूर्णांक शाळेत 'भिन्न' होतो, सरासरीचे 'औसत', परिमितीचे 'परिमाप', मुद्दलाचे 'मूलधन', अवयवांचे 'गुणनखंड' आणि मूळ संख्येचे 'अभाज्य संख्या'. घरचा लसावि तिथे 'लघुत्तम समापवर्त्य' होतो. मूल इंग्रजी माध्यमात असेल तर प्रत्येक गोष्टीला तिसरे नाव. मुलाला गणित कळलेले असते, पण आई काय म्हणते आहे ते कळलेले नसते. आईला वाटते, याला अपूर्णांकच येत नाहीत!

यावर उपाय सोपा आहे. वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखावेत: मराठी, हिंदी, इंग्रजी. नवा शब्द आला की तिन्ही रकान्यांत लिहावा. समजावून सांगताना घरची भाषा जरूर वापरावी, कारण विचार त्याच भाषेत मोकळेपणाने होतो. उदाहरण वाचताना मात्र मुलाने ज्या भाषेतून परीक्षा द्यायची तीच भाषा ठेवावी.

संख्यांच्या नावांचीही गंमत आहे. मराठीत आणि हिंदीत एकक आधी येतो, दशक नंतर. 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी ऐकू येतो, पण लिहिताना ४ आधी लिहावा लागतो. इंग्रजीत बोलणे आणि लिहिणे एकाच क्रमाने होते. त्यामुळे तोंडी सांगितलेले ४७ मूल ७४ लिहिते आणि सगळे उदाहरण फिसकटते. एकोणऐंशी आणि नवासी यांत तर मोठ्यांचीही गफलत होते. हिंदीतले 'नवासी' म्हणजे आपले एकोणनव्वद. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन सुचवले, तेव्हा केवढा वाद झाला! हा उलटा क्रम लहान मुलांना अवघड जातो, हीच बाब गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर मांडत होत्या. बाजू कुणाचीही घ्या, अडचण खरी आहे. म्हणून घरी रोज दहा संख्या तोंडी सांगून अंकांत लिहून घ्याव्यात. पाच मिनिटांचे काम आहे.

आजीच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी पाठ असत. त्या सगळ्या पाठ करायची गरज आज नाही. पण सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच यांचा अर्थ मुलाला चटकन कळला पाहिजे. भाजी आणताना 'पावणेदोन किलोचे किती झाले?' असे विचारले तरी तो अभ्यासच होतो.

शब्दांवर भिस्त नको

काही शिकवणी वर्गांत खुणेचे शब्द शिकवतात. 'एकूण' दिसले की बेरीज, 'उरले' दिसले की वजाबाकी. आंब्यांच्या उदाहरणात 'उरले' हा शब्द आहे, पण नुसत्या वजाबाकीने ते सुटत नाही. म्हणून शब्दाऐवजी परिस्थिती पाहण्याची सवय लावावी.

लसावि आणि मसावि यांचा घोळ याच कारणाने होतो. एक बस दर १२ मिनिटांनी सुटते, दुसरी दर १८ मिनिटांनी. दोन्ही सकाळी ८ वाजता एकदम सुटल्या, तर पुन्हा एकदम कधी सुटतील? येथे मुलाला आधी विचारावे, ''उत्तर १८ मिनिटांपेक्षा जास्त असेल की कमी?'' जास्तच असणार हे त्याला लगेच कळते. १२, २४, ३६ आणि १८, ३६ असे मोजले की ८ वाजून ३६ मिनिटे मिळतात. आता ३६ मीटर आणि ४८ मीटरच्या दोन ताग्यांचे सारख्या लांबीचे, मोठ्यात मोठे तुकडे करायचे आहेत आणि कापड वाया जाऊ द्यायचे नाही. तुकडा ३६ मीटरपेक्षा मोठा असू शकेल का? नाही. म्हणजे येथे दोघांना भागणारी मोठ्यात मोठी संख्या हवी, ती १२. उत्तर लहान येणार की मोठे, हा एक प्रश्न विचारला तरी लसावि-मसाविचा गोंधळ पुष्कळ कमी होतो.

नफा-तोट्यात 'कशावर?' हा प्रश्न विचारावा. ४०० रुपयांना घेतलेला कुर्ता ५०० ला विकला तर नफा १०० रुपये, आणि तो खरेदीच्या ४०० वर, म्हणून २५ टक्के. घाईत मुले ५०० वर धरून २० टक्के लिहितात, आणि पर्यायांत २० हा आकडा मुद्दाम ठेवलेला असतो! तसेच, दुकानदाराने किंमत २० टक्के वाढवली आणि मग २० टक्के सूट दिली तर किंमत मूळ जागी येते का? १०० चे १२० झाले, १२० वर २० टक्के म्हणजे २४ गेले, राहिले ९६. हे एकदा रुपयांत करून दाखवले की मूल विसरत नाही.

क्षेत्रफळातही सूत्राआधी चित्र यावे. ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद खोलीत ४० सेंटिमीटर बाजूच्या चौरस फरशा बसवायच्या आहेत. लांबीत १५ आणि रुंदीत १० फरशा बसतात, म्हणून एकूण १५०. मीटरचे सेंटिमीटर केले की झाले, लांबलचक गुणाकार-भागाकाराची गरजच नाही.

चुकांची वही

रोज शंभर उदाहरणे सोडवून घेण्याचा हट्ट काही पालक धरतात. थकलेले मूल मग विचार करणे सोडून देते आणि हात चालवत राहते. त्यापेक्षा रोज ४० ते ४५ मिनिटे पुरेत. पहिली १० मिनिटे पाढे आणि तोंडी हिशेब, मग पाच-सहा विचार करायला लावणारी उदाहरणे आणि शेवटी कालच्या चुकांवर एक नजर.

चुकांसाठी वेगळी वही करावी. चूक चार प्रकारची असू शकते. उदाहरणच समजले नाही, समजले पण रीत सुचली नाही, रीत बरोबर पण आकडेमोडीत हातचा राहिला, किंवा सगळे बरोबर येऊन भलत्याच पर्यायाचे वर्तुळ रंगवले. प्रत्येक चुकीपुढे मुलाने स्वतः प्रकार लिहावा. दोन आठवड्यांत स्पष्ट दिसते की मूल कुठे कमी पडते आहे. ज्याचा हातचा राहतो त्याला नवी रीत शिकवून उपयोग नाही, आणि ज्याला उदाहरणच समजत नाही त्याच्याकडून गुणाकार घोटून घेणे व्यर्थ आहे.

ताळा पाहण्याची जुनी सवयही पुन्हा लावावी. उत्तर १२० आंबे आले ना? मग गोष्ट सुरुवातीपासून चालवून पाहा. ४० गेले, ८० उरले, पुन्हा ४० गेले, ४० उरले. जुळले! अंदाजाचीही सवय हवी. ४९८ गुणिले २१ हे जवळजवळ ५०० गुणिले २०, म्हणजे १०,००० च्या आसपास. आठ दोन्ही आकड्यांच्या एकक स्थानांचा गुणाकार, तेव्हा उत्तराचा शेवट ८ ने. चार पर्यायांतून १०,४५८ निवडायला दहा सेकंद पुरतात.

घड्याळ लावून सराव परीक्षेपूर्वीच्या दोन महिन्यांत करावा, त्याआधी नको. रीत पक्की होण्यापूर्वी घड्याळ लावले तर वेग वाढत नाही, धडधड वाढते. सराव करताना तीन गोष्टी शिकवाव्यात. सोपे उदाहरण आधी, अडलेले सोडून पुढे आणि शेवटी वेळ उरला तर परत मागे. सहावीच्या या दोन्ही परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नये. पण ज्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका आधी नीट वाचावी, कारण नियम बदलू शकतात.

शिकवणी लावावी का?

कपूरथला, अलीगंज भागात फिरले की शिकवणी वर्गांच्या पाट्या नजरेत भरतात. आईबाबा दोघेही नोकरीला जात असतील, तर शिकवणी लावण्यात काही गैर नाही. मात्र वर्ग निवडताना निकालाच्या जाहिरातीपेक्षा एक तास वर्गात बसून पाहावे. तिथे मुले बोलतात की फक्त फळ्यावरचे उतरवून घेतात? चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलाला 'तू हे कसं काढलंस?' असे कुणी विचारते का? विचारत नसतील तर हे काम घरीच, आणि फुकटात, जास्त चांगले होईल.

ज्यांना स्वतःला गणित येत नाही, त्यांनीही मागे सरू नये. उत्तर माहीत नसलेली आई कधीकधी उत्तम शिक्षिका ठरते, कारण ती मधेच उत्तर सांगून टाकू शकत नाही. ''मला समजावून सांग बरं,'' असे तिने म्हटले की मूल शिक्षकाच्या भूमिकेत जाते आणि समजावता समजावता आपली चूक आपणच पकडते. वडील कामावरून उशिरा येत असतील तर आजोबांना हे काम द्यावे. व्याजाचे आणि सव्वा-दीडपटीचे हिशेब त्यांच्याइतके चोख कुणाचे असणार?

निकाल लागल्यानंतर

एक गोष्ट सगळ्यात आधी ठरवून ठेवावी, निकाल लागल्यावर नव्हे. नवोदयच्या एका विद्यालयात सहावीला साधारण ८० जागा असतात आणि जिल्हाभरातून परीक्षेला बसणारी मुले त्याच्या कितीतरी पट. म्हणजे चांगली तयारी केलेल्या अनेक मुलांनाही प्रवेश मिळणार नाही. तसे व्हायला मुलगा नालायक असावा लागत नाही. जागाच कमी आहेत.

दहा वर्षांच्या मुलाला हे आपोआप कळत नाही. त्याला एवढेच दिसते की आईबाबांचा चेहरा पडला. ''वर्षभर मेहनत करून काय मिळालं?'' असे त्याच्यासमोर कुणी म्हटले, तर पुढची अनेक वर्षे गणित त्याला त्या दिवसाची आठवण करून देत राहील. उलट ज्याला उदाहरण वाचून चित्र काढता येते, अंदाज बांधता येतो, ताळा पाहता येतो आणि अडले तरी घाबरत नाही, त्याने मिळवायचे ते मिळवले आहे. महाराष्ट्रात बदली होऊन गेला तर शिष्यवृत्ती परीक्षेत आणि लखनौतच राहिला तर शाळेच्या पुढच्या प्रत्येक इयत्तेत हे त्याच्या उपयोगी पडेल.

म्हणून आज संध्याकाळी वही उघडली की पेन्सिल मुलाच्याच हातात राहू द्या. तो अडला तर मनात वीसपर्यंत आकडे मोजा. मग उत्तर न सांगता फक्त विचारा, ''यात आपल्याला काय काय माहीत आहे?''